वीस वर्षं खलिफाच्या फौजांना पुरून उरलेला बाबक शेवटी एका भाकरीपायी सापडला

साल 837. आर्मेनियाकडच्या डोंगराळ भागात एक शेतकरी नांगर हाकत होता. तेवढ्यात जंगलातून एक अनोळखी माणूस आला, हातावर पैसे टेकवले आणि भाकरी मागितली. शेतकऱ्यानं दिली. लांबून हे बघणाऱ्या त्याच्या जोडीदाराला वाटलं, कुणीतरी शस्त्र घेऊन आलाय आणि आपल्या माणसाची भाकरी हिसकावतोय. तो धावत जवळच्या चौकीवर गेला आणि तक्रार केली.

त्या भाकरीसाठी जो झाडीत दबा धरून बसला होता, त्याच्या डोक्यावर खलिफानं 20 लाख दिरहमचं इनाम लावलं होतं. नाव बाबक खुर्रमदीन.

इतिहासात बंडखोर पैशाला पासरी सापडतात. पण बगदादच्या अब्बासी खलिफांची सत्ता जेव्हा अगदी जोरात होती, तेव्हा त्यांना सलग वीसेक वर्षं डोंगरात झुलवणारा, एकामागून एक सरदार परत पाठवणारा आणि तेही एका पंथाचा धर्मगुरू म्हणून, असा माणूस हाच. आज इराणमध्ये तो राष्ट्रवीर आहे, अझरबैजानमध्येही तो राष्ट्रवीर आहे आणि जुन्या अरबी ग्रंथांमध्ये तो सैतानाचा भाऊ आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बाबकबद्दल आपल्याला जे काही कळतं, ते जवळपास सगळं त्याच्या शत्रूंनी लिहिलेलं आहे. त्याच्या लोकांनी लिहिलेलं एक पानसुद्धा आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्यामुळं पुढं वाचताना थोडं मीठ सोबत ठेवा.

तेल विकणाऱ्याचा पोरगा

बाबकचा जन्म आठव्या शतकाच्या शेवटी झाला, 795 च्या आसपास. जागा, इराणच्या वायव्येला अर्दबील शहराजवळचं बिलालाबाद नावाचं खेडं. वडील अब्दुल्ला हे मूळचे मदाईनचे, म्हणजे जुन्या सासानी राजधानीच्या भागातले. पाठीवर तेलाची पखाल घेऊन गावोगाव तेल विकायचं, हा त्यांचा धंदा.

बाबकचं चरित्र वाकिद नावाच्या एका माणसानं लिहिलं होतं. ते पुस्तक हरवलं, पण दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीम या पुस्तकविक्रेत्यानं आपल्या फिहरिस्त या ग्रंथसूचीत त्याचा सारांश दिला, म्हणून ते वाचलं. वाकिदनं बाबकच्या आईबापावर भरपूर चिखल उडवलाय. दोघांचं लफडं होतं, गावकऱ्यांनी रानात दारू पिताना पकडलं वगैरे वगैरे. शत्रूला बदनाम करायचं तर सुरुवात आईपासून करायची ही पद्धत तेव्हाही होती.

वडील लवकर गेले. कुठल्याशा भांडणात जखमी होऊन मेले. आई लोकांची मुलं दूध पाजून सांभाळायची आणि लहानगा बाबक लोकांची गुरं वळायचा. एक दंतकथा अशी की, एका दुपारी तो झाडाखाली उघडाच झोपला होता, आई बघायला आली तर तिला त्याच्या अंगावरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी रक्त दिसलं. तो दचकून उठला, तर रक्त गायब. तेव्हाच तिला कळलं म्हणे की या पोराच्या हातून काहीतरी मोठं घडणार.

पुढं तो एका अरब जमीनदाराकडं चाकरीला लागला, घोडे सांभाळले, तंबोऱ्यासारखं तंबूर नावाचं वाद्य वाजवायला शिकला. मग दोनेक वर्षं तब्रीझमध्ये काढली आणि अठराव्या वर्षी आईकडं परत आला. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही गरीब पोराची असू शकते.

बर्फ पडला आणि गोष्ट फिरली

बिलालाबादच्या वरच्या डोंगरात बज्ज नावाचा मुलूख होता. तिथं खुर्रमी पंथाचे लोक राहायचे आणि त्यांच्या पुढारीपणासाठी दोन माणसं भांडायची, जाविदान आणि अबू इम्रान. उन्हाळाभर लढाई, हिवाळ्यात घाट बर्फानं बंद म्हणून सुट्टी. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

एका हिवाळ्यात जाविदान दोन हजार मेंढ्या घेऊन झंजानच्या बाजारात गेला. विकून परत येताना वाटेत बर्फाचं वादळ लागलं आणि त्याला बिलालाबादला थांबावं लागलं. गावच्या मुखियानं त्याची नीट दखल घेतली नाही. त्याला थेट बाबकच्या आईच्या झोपडीत पाठवून दिलं. तिच्याकडं पाहुण्याला द्यायला होतं काय, तर शेकोटी. तेवढी तिनं पेटवली. बाबकनं घोडे बांधले, पाणी पाजलं, जाविदाननं दिलेल्या पैशातून खायला-प्यायला आणून दिलं.

पोरगा बोलताना अडखळायचा, पण जाविदानला तो हुशार वाटला. त्यानं आईला सांगितलं, हा मला दे, माझी जमीनजुमला सांभाळेल, महिन्याला 50 दिरहम तुला पाठवत जाईन. आई तयार झाली. बाबक बज्जला गेला.

त्यानंतर थोड्याच काळात अबू इम्राननं हल्ला केला. लढाईत जाविदाननं त्याला ठार मारलं, पण स्वतःही जखमी झाला आणि तीन दिवसांत गेला.

आता खरी खेळी केली ती जाविदानच्या बायकोनं. तिचं नाव इतिहासानं नोंदवून ठेवलेलं नाही आणि मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे. तिनं सगळ्या लोकांना गोळा केलं आणि सांगितलं की जाविदाननं मरायच्या आधी मला सांगून ठेवलंय, माझा आत्मा माझं शरीर सोडून बाबकच्या शरीरात जाईल, तोच आता तुमचा पुढारी.

खुर्रमी लोक पुनर्जन्म मानायचे, त्यामुळं हे त्यांना पटण्यासारखंच होतं. मग विधी झाला. गाय कापली, तिचं कातडं अंथरलं, त्यावर द्राक्षाच्या दारूनं भरलेलं भांडं ठेवलं, भोवती भाकरीचे तुकडे मांडले. एकेकानं पुढं यायचं, कातड्यावर पाय ठेवायचा, तुकडा दारूत बुडवून खायचा आणि जाविदानच्या आत्म्यावर होता तसाच बाबकच्या आत्म्यावर विश्वास ठेवतो असं म्हणायचं. शेवटी तिनं सब्जाची एक काडी बाबकच्या हातात दिली. झालं लग्न. मेंढ्या विकून परतणाऱ्या माणसाचा नोकर आता त्याच्या गादीवर आणि त्याच्या घरात बसला.

विरोधकांनी लिहिलंय की दोघांचं आधीपासूनच जमलेलं होतं आणि आत्म्याची गोष्ट हा बनाव होता. असेलही.

पण हे खुर्रमी होते कोण?

खुर्रम हा फारसी शब्द आपल्याला ओळखीचा आहे, शहाजहानचं मूळ नाव तेच होतं. अर्थ आनंदी, प्रसन्न. खुर्रमदीन म्हणजे आनंदाचा धर्म मानणारे. त्यांची मुळं सासानी काळातल्या मजदक या सुधारकापर्यंत जातात, ज्यानं सहाव्या शतकाच्या आसपास श्रीमंतांची मालमत्ता सगळ्यांत वाटली जावी असं सांगून इराण हलवून सोडलं होतं. प्रकाश आणि अंधार ही दोन मूळ तत्त्वं, आत्म्याचं एका देहातून दुसऱ्यात जाणं, प्रेषितांची परंपरा कधीच न संपणं, अशा त्यांच्या श्रद्धा होत्या. लाल रंग ही त्यांची खूण, म्हणून अरबी ग्रंथांत त्यांना लाल कपडेवालेही म्हटलंय.

मुसलमान लेखकांनी त्यांच्यावर स्वैराचाराचे आरोप अगदी चवीनं केले आहेत. पण दहाव्या शतकात मुतह्हर अल-मक्दिसी नावाचा एक मुसलमान लेखक या लोकांना त्यांच्या गावात जाऊन भेटला. त्याला दिसलं ते असं की ही माणसं स्वच्छतेच्या बाबतीत भलतीच काटेकोर आहेत आणि समोरच्याशी मायेनं वागतात.

त्यांच्या रागाचं कारण मात्र फक्त धर्म नव्हतं. 750 मध्ये उमय्या घराण्याला हटवून अब्बासी सत्तेवर आले ते खुरासानच्या अबू मुस्लिम या सेनानीच्या जोरावर. त्याच्या मागं इराणी लोक मोठ्या संख्येनं उभे राहिले होते. पाचच वर्षांत खलिफा मन्सूरनं त्याच अबू मुस्लिमला दरबारात बोलावून ठार मारलं. काम झालं आणि काटा काढला. त्यानंतर इराणच्या बाजूला बंडांची रांगच लागली. सुनबाद उठला, मग चेहऱ्यावर पडदा घेणारा मुकन्ना उठला. हे सगळे कुठं ना कुठं अबू मुस्लिमचं नाव घ्यायचे. खुर्रमी लोकही घ्यायचे. शिवाय अझरबैजानच्या खोऱ्यांत अरब कुटुंबं येऊन जमिनी बळकावत होती आणि डोंगरातला जुना शेतकरी मागं रेटला जात होता. बाबक ज्यांच्या घोड्यांना चारापाणी करत मोठा झाला, ते मालक असेच अरब होते.

बगदादचं लक्ष नव्हतं

बाबकचं बंड सुरू झालं 816-17 मध्ये. वेळ अचूक होती. खलिफा हारून अल-रशीदच्या दोन पोरांमध्ये गादीवरून युद्ध पेटलं होतं. 813 मध्ये अमीन मारला गेला आणि मामून जिंकला, पण तो बगदादला न येता लांब मर्वलाच बसून राहिला. तिकडं आर्मेनियाचा सुभेदार हातिम याच्या बापाला मामूनच्या तुरुंगात मरण आलं. चिडलेल्या हातिमनं बंडाची तयारी करून बाबकलाही निरोप पाठवले. हातिम लगेच मेला, पण बाबक काही थांबला नाही.

बाबकच्या माणसांनी आजूबाजूची गढ्या-ठाणी मारली, व्यापारी रस्ते तोडले, अरब वस्त्या कापून काढल्या. यात निरपराध माणसंही खूप मेली. हे राष्ट्रवीर मानणारे लोक पटकन सांगत नाहीत.

मामूननं मग सरदार पाठवायला सुरुवात केली. 819-20 मध्ये याह्या इब्न मुआज आला, काही हाती लागलं नाही. मग ईसा इब्न मुहम्मद आला, घाटात मार खाऊन गेला. अहमद इब्न जुनैद तर सरळ कैद झाला. त्यानंतर मुहम्मद इब्न हुमैद तूसी नावाचा कसलेला सेनानी पूर्ण तयारीनिशी आला. जून 829 मध्ये हश्तादसरच्या डोंगरात त्याच्या फौजेवर वरून हल्ला झाला आणि तूसी तिथंच पडला. त्याच्या मरणावर अबू तम्माम या कवीनं लिहिलेला शोक अरबी साहित्यात आजही नावाजला जातो.

प्रत्येक वेळी गोष्ट तीच. बाबकचा किल्ला बज्ज, खोल दऱ्यांच्या वर. वाटा इतक्या अरुंद की मोठी फौज रांगेनंच चढणार. बाबकची माणसं वर बसून वाट बघणार. पुढचे वर पोचले की मधल्यांवर दगड आणि मागच्यांवर घाला. हिवाळा आला की बर्फ. गनिमी कावा हा शब्द त्यांच्याकडं नव्हता, पण काम तेच होतं.

ऑगस्ट 833 मध्ये मामून बायझंटाइन सीमेवर मोहिमेत असताना मेला. मरताना त्यानं भाऊ मुतसिमला जे सांगितलं त्यात हा विषय होताच, खुर्रमींवर एखादा खंबीर माणूस पाठव, पैसा आणि शस्त्रं कमी पडू देऊ नकोस. त्याच वर्षी हमदान, इस्फहानकडचे खुर्रमीही उठले. ते बंड मात्र मोडलं गेलं. तबरी हा इतिहासकार मेलेल्यांचा आकडा 60 हजार देतो. वाचलेले लोक नस्र नावाच्या पुढाऱ्यासोबत थेट बायझंटाइन साम्राज्यात पळाले, तिथं ख्रिश्चन झाले आणि सम्राट थिओफिलसच्या फौजेत भरती झाले. नस्र तर थिओफोबस हे नवं नाव घेऊन राजघराण्याचा जावई झाला.

मग आला अफशीन

जून 835 मध्ये मुतसिमनं या कामावर हैदर इब्न काऊस याला नेमलं. तो मध्य आशियातल्या उश्रुसनाचा राजपुत्र. तिथल्या राजाला अफशीन म्हणायचे, तेच त्याचं नाव पडलं. बाप काऊस मुसलमान होऊन फार वर्षं झाली नव्हती. थोडक्यात, इराणी डोंगरातल्या बंडखोराला पकडायला खलिफानं इराणी वळणाचाच राजपुत्र काढला.

त्याला घाई नव्हती, आणि आधीचे सगळे घाईनं मेले होते. त्यानं पहिल्यांदा अर्दबील ते बर्झंद या वाटेवरची पडकी ठाणी दुरुस्त केली, प्रत्येकात शिबंदी बसवली. रसदीचा काफिला एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यापर्यंत हातोहात पोचवायचा, मधे मोकळं सोडायचंच नाही. मुक्काम पडला की भोवती खंदक. पगाराचंही गणित ठरलेलं. ज्या दिवशी अफशीन घोड्यावर बसून मोहिमेला निघेल त्या दिवशी 10 हजार दिरहम, छावणीत बसेल त्या दिवशी 5 हजार.

हेरांच्या बाबतीत तर त्यानं कमालच केली. बाबकचे हेर पकडून आणले की तो त्यांना मारायचा नाही. बाबक तुला किती देतो एवढंच विचारायचा, आणि त्याच्या दुप्पट द्यायचा. हेर आता त्याचा.

पहिला मोठा तडाखा असाच बसला. बुगा हा तुर्की सरदार फौजेच्या पगाराची रक्कम घेऊन येत होता. बाबकला खबर लागली आणि तो लुटायला निघाला. अफशीनला त्याच्या निघण्याची खबर लागली. त्यानं खजिना मागंच थांबवला, काफिला मात्र जसाच्या तसा पुढं चालू ठेवला आणि स्वतः गुपचूप आडवा गेला. बाबकची बरीच माणसं मारली गेली, तो स्वतः जेमतेम निसटून बज्जला पोचला.

पण बाबकही बाबक होता. थोड्याच दिवसांत त्याच्या लोकांनी अफशीनकडं येणारी रसद वाटेत उडवली आणि छावणीत उपासमार झाली. पुढच्या वर्षी बुगा अतिउत्साहात हश्तादसरवर चढून गेला, धुकं आणि थंडीत अडकला आणि मार खाऊन उतरला. म्हणजे 836 उजाडून गेलं तरी बज्ज होता तिथंच होता.

याच काळात मुतसिमनं बगदाद सोडून समर्रा ही नवी राजधानी वसवली. तिथं बसून तो या मोहिमेवर इतका डोळा ठेवून होता की वाटेवर ठराविक अंतरावर ताजे घोडे ठेवले होते आणि अफशीनच्या छावणीतली बातमी चार दिवसांत, कधी त्याहून आधी, त्याच्या हातात पडायची. 837 मध्ये नवी कुमक आली आणि सोबत 3 कोटी दिरहम आले.

काकड्या आणि खरबुजं

बज्जच्या पायथ्याशी जे चाललं ते वाचताना मला तरी हसू आलं. अफशीन रोज पहाटे नगारे वाजवत फौज घेऊन किल्ल्यासमोर जायचा, दिवसभर नुसता उभा राहायचा आणि संध्याकाळी परत यायचा. असं कित्येक दिवस. पुण्य कमवायला लांबून आलेले स्वयंसेवक वैतागले. याला किल्ला घ्यायचाच नाही, अशी कुजबुज सुरू झाली.

दरम्यान बाबकनं काय करावं? त्यानं अफशीनला काकड्या आणि खरबुजं भेट पाठवली. निरोप असा की तुम्ही बिचारे कोरडी बिस्किटं आणि सातू खाऊन दिवस काढताय, ही ताजी फळं घ्या. अफशीननं ओळखलं की फळांच्या निमित्तानं छावणी बघायची आहे. मग त्यानं काय केलं, तर बाबकच्या माणसाला स्वतःहून सगळीकडं फिरवलं, सगळे खंदक नीट दाखवले आणि म्हणाला की जा, बघितलंस ते तुझ्या मालकाला सांग.

15 ऑगस्ट 837 ला शेवटचा हल्ला झाला. बाबकनं उतारावर दगडांनी भरलेले गाडे तयार ठेवले होते, फौज चढू लागली की वरून सोडायचे. पण अफशीनच्या फरगाणा आणि तुर्की तुकड्या रात्रीच मागच्या बाजूनं डोंगर चढून लपल्या होत्या. बाबकचा सेनापती आझीन ज्या टेकडीवर होता ती आधी पडली. किल्ला जातोय हे दिसल्यावर बाबक स्वतः बोलणी करायला बाहेर आला, अभय मागितलं, ओलीस द्यायची तयारी दाखवली. बोलणी चालू असतानाच मागं तटावर खलिफाचे झेंडे चढले. बाबक निसटला. पुढचे तीन दिवस बज्जची घरं जाळून पाडून टाकण्यात गेले.

किल्ला पडण्याच्या आधी बाबकनं एक चाल खेळून ठेवली होती. त्यानं सम्राट थिओफिलसला कळवलं होतं की खलिफाची सगळी फौज माझ्यावर आलीय, तुझ्यासमोर आता कुणी नाही, चालून ये. थिओफिलस खरंच आला आणि सोझोपेत्रा शहर लुटून गेला. पण बाबकला त्याचा उपयोग झाला नाही. भोगावं लागलं ते बायझंटाइन लोकांनाच, कारण पुढच्याच वर्षी मुतसिमनं अमोरियम शहर उद्ध्वस्त करून बदला घेतला.

जंगल, भाकरी आणि शिकार

बाबक आर्मेनियाच्या सीमेवरच्या एका दाट जंगलाच्या दरीत लपला. अफशीननं बाहेर पडायच्या सगळ्या वाटांवर चौक्या बसवल्या. समर्राहून सोन्याची मोहोर असलेलं अभयपत्र आलं. ते घेऊन जायला बाबकच्याच कैद झालेल्या माणसांपैकी कुणी तयार होईना, कारण मालक त्यांना चांगला माहीत होता. शेवटी दोघं गेले, सोबत बाबकच्या थोरल्या मुलाचं पत्र. बाबकनं एकाचा जीव घेतला आणि अभयपत्र उघडलंसुद्धा नाही. मुलाला कळवलं ते असं की तू माझ्या रक्ताचा असूच शकत नाहीस, गुलाम होऊन चाळीस वर्षं जगण्यापेक्षा राजा म्हणून एक दिवस जगलेलं बरं.

खायचं संपल्यावर तो भाऊ अब्दुल्ला, आई, बायको आणि मोजक्या माणसांसोबत बाहेर पडला. एका झऱ्यावर जेवायला बसले असताना गस्तीनं पाहिलं. आई आणि बायको पकडल्या गेल्या, बाबक निसटला. आणि मग ती भाकरी.

चौकीवरची तक्रार त्या भागाचा आर्मेनियन सरदार सहल इब्न सुनबात याच्यापर्यंत गेली. तो स्वतः आला, बाबकला ओळखलं, घोड्यावरून उतरून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. माझ्या किल्ल्यावर चला, तुमच्यासाठी जीव देईन वगैरे बोलून त्याला घरी नेलं. बाबकनं सावधगिरी म्हणून भावाला दुसऱ्या सरदाराकडं पाठवलं. इकडं सहलनं अफशीनला कळवून टाकलं. अफशीननं खात्री करायला एक माणूस पाठवला, तो आचाऱ्यांत मिसळून जेवण वाढायला आला. बाबकला संशय आला, पण सहलनं वेळ मारून नेली.

काही दिवसांनी सहल म्हणाला, घरात बसून कंटाळला असाल, शिकारीला जाऊ. बाबक पांढरा अंगरखा, पांढरा फेटा आणि हातावर बहिरी ससाणा घेऊन निघाला. दरीत दोन्ही बाजूंनी अफशीनची माणसं उतरली. बाबकनं सहलला शिव्या दिल्या आणि एवढंच सुनावलं की फार स्वस्तात विकलंस, तोंडानं मागितलं असतंस तर याहून जास्त मीच दिलं असतं. सहलला मिळाले 10 लाख दिरहम, रत्नजडित कमरपट्टा आणि मानाचा मुकुट.

15 सप्टेंबरच्या सुमारास बाबकला बर्झंदच्या छावणीत आणलं. तिथं बाबकच्या कैदेतून सोडवलेल्या बायका आणि मुलं होती, तबरीच्या हिशोबानं 7,600. त्यांनी बाबकला बेड्यांत पाहिलं आणि रडायला लागल्या. अफशीन चक्रावला. कालपर्यंत यानं आम्हाला पळवलं म्हणत होता ना? बायकांनी सांगितलं की तो आमच्याशी चांगला वागायचा. ही नोंद त्याच्या शत्रूंच्याच ग्रंथात आहे. त्याच ग्रंथात हेही आहे की बाबकनं वीस वर्षांत 2 लाख 55 हजार 500 माणसं मारली. एवढा नेमका आकडा कुणी मोजला असेल, देव जाणे.

समर्राला नेण्याआधी अफशीननं त्याला काही हवंय का विचारलं. बाबकला आपलं शहर एकदा बघायचं होतं. चांदण्या रात्री त्याला बज्जला नेलं. पडलेल्या घरांतून, प्रेतांमधून तो पहाटेपर्यंत फिरत राहिला.

हत्तीवरची मिरवणूक

4 जानेवारी 838. समर्राच्या रस्त्यांवर दुतर्फा गर्दी. बाबकला रेशमी झगा आणि केसाळ टोपी घालून एका भल्यामोठ्या हत्तीवर बसवलं होतं. मसुदी सांगतो की हा हत्ती मामूनला भारतातल्या एका राजानं भेट पाठवलेला होता. आदल्या रात्री तर खुद्द खलिफा वेष बदलून कैद्याला बघून आला होता. वीस वर्षं ज्याचं नाव ऐकलं तो दिसतो कसा, एवढं कुतूहल.

दरबारात बाबकचा स्वतःचाच जल्लाद बोलावला गेला. त्याच्याकडून आधी हात, मग पाय तोडले, मग मान. नंतरच्या काळातल्या एका प्रसिद्ध कथेनुसार हात तोडल्यावर बाबकनं ते रक्त तोंडाला फासून घेतलं. खलिफानं कारण विचारलं, तर उत्तर मिळालं की रक्त गेलं की चेहरा पांढरा पडतो, लोकांना वाटेल मी घाबरलो. धड समर्रात लटकवलं, पुढं त्या भागाला त्या खांबावरूनच ओळखलं जाऊ लागलं. डोकं गावोगाव फिरवत खुरासानला पाठवलं.

भाऊ अब्दुल्लाला बगदादला नेलं. मरणाच्या आदल्या रात्री त्यानं वाटेत फालूजज आणि दारू मागितली, ती त्याला मिळाली. आपला फालुदा याच शब्दाचा नातेवाईक. सकाळी त्याचंही बाबकसारखंच झालं.

अफशीनला मुकुट, 2 कोटी दिरहम (निम्मे सैनिकांना वाटायला) आणि सिंधची सुभेदारी मिळाली. दोनच वर्षांत, 840 मध्ये, तो स्वतः आरोपीच्या जागी उभा होता. तबरिस्तानचा बंडखोर माझ्यार याच्याशी संधान, जुना धर्म लपून पाळणं, सुंता न करणं, घरात रत्नजडित परधर्मी पुस्तक ठेवणं. पुस्तकाबद्दल त्यानं सांगितलं की ते बापाकडून आलंय, मी त्यातलं शहाणपण तेवढं घेतो, आणि आरोप करणाऱ्याच्याही घरात कलीला व दिमना आहेच की. कलीला व दिमना म्हणजे आपल्या पंचतंत्राचा अरबी अवतार. उपयोग झाला नाही. खटल्यात असंही निघालं की अफशीनच्या भावानं माझ्यारच्या भावाला लिहिलं होतं, जुना धर्म राखणारे आता आपणच उरलोय, बाबक स्वतःच्या मूर्खपणानं मेला. हे खरं की रचलेलं, यावर इतिहासकार आजही भांडतात. 841 मध्ये अफशीन तुरुंगात अन्नावाचून मेला आणि त्याचं प्रेत लटकवून, जाळून, राख तैग्रिसमध्ये टाकली.

माझ्यारचं प्रेत लटकवलं गेलं ते बाबकच्या शेजारी.

बज्जचा किल्ला म्हणून आज इराणच्या कलैबर गावाजवळचा, दोन हजार मीटरहून उंचीवरचा एक कडा दाखवतात. त्याला किल्ला-ए-बाबक म्हणतात. विसाव्या शतकात इराणी लेखक सईद नफीसी यांनी बाबकवर पुस्तक लिहून त्याला राष्ट्रवीर केलं, सोव्हिएत अझरबैजाननं 1979 मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला, नखचिवानमध्ये त्याच्या नावाचं शहर आहे. अलीकडच्या काळात जुलैच्या सुरुवातीला इराणमधले अझरी लोक त्याचा वाढदिवस म्हणून हा कडा चढून जायला लागले. हजारोंची गर्दी व्हायला लागल्यावर इराण सरकारनं त्या दिवसांत वाटेवर पोलीस उभे करायला सुरुवात केली.